पुरातल्या वार्ताहराला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथली मंडळी तोवर फ्रीज, गाद्या, धान्याच्या कोठ्या वर चढवून पाहुण्यांकडे निघालेली असतात. त्याच वेळी उलट्या दिशेनं शहरात माणसं येऊ लागतात. काही बातमी करायला, काही मदत करायला. मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या अंगात लाइफ जॅकेट असतं, गाडीत कोरडे कपडे असतात, ऑफिसनं हॉटेल ठरवून दिलेलं असतं. कुठल्या गल्लीत किती पाणी आहे हे सांगायला मात्र त्यांना एक इथला माणूस बरोबर लागतो. तालुक्याचा वार्ताहर, नाहीतर एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता. त्याच्या पायात स्लीपर, मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि पोहता येतं का हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यावं, यावर आता जगात फारसा वाद उरलेला नाही. ते कुणाला द्यावं आणि त्याच्यासोबत आणखी काय द्यावं, यावर मात्र बोलायला हवं. माझं म्हणणं असं की ते आधी तिथं राहणाऱ्याला द्यावं, बाहेरून येणाऱ्याला नंतर. आणि ज्याला 'मी आत जाणार नाही' असं म्हणायची सोय नाही, त्याला दिलेलं प्रशिक्षण त्याच्या मालकाला वाचवतं, त्याला नाही.

अशा प्रशिक्षणाच्या शिबिरांचा जन्म पाहिला की मूळ दुखणं कळतं. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, तिथल्या लढायांत बातमीदार मरू लागले, तेव्हा मोठ्या पाश्चात्त्य वृत्तसंस्थांनी निवृत्त सैनिकांना हाताशी धरून आपल्या माणसांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. चार-पाच दिवसांचं निवासी शिबिर. गोळीचा आवाज कुठून आला, आडोसा कोणता खरा आणि कोणता नुसता दिसायला, नाक्यावर बंदूकधाऱ्यानं गाडी अडवली तर हात कुठे ठेवायचे, ओलीस धरलं तर पहिल्या तासात कसं वागायचं, जखम कशी बांधायची. फी अशी की ती कंपनीनंच भरावी. साहजिकच ज्यांच्यामागे कंपनी होती ते शिकले. त्यांच्यासाठी त्या बंदूकधाऱ्याशी बोलणी करणारा दुभाषा, त्यांचा ड्रायव्हर, कुणाच्याच पगारावर नसलेला सुट्टा छायाचित्रकार हे सगळे बाहेरच राहिले.

त्याची किंमत काय असते, हे २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिस्राता शहरात दिसलं. टिम हेदरिंग्टन हा छायाचित्रकार तोफगोळ्याच्या माऱ्यात सापडला. मांडीच्या वरच्या अंगाला तुकडा लागला आणि इस्पितळाकडे नेत असताना वाटेतच रक्त जाऊन तो गेला. सोबतच्या कुणाला ते रक्त थांबवता आलं असतं तर कदाचित वेळ मिळाला असता, हे त्याचा मित्र सेबॅस्टियन युंगर याच्या मनाला इतकं लागलं की त्यानं सुट्ट्या बातमीदारांना फुकट प्रथमोपचार शिकवणारी संस्थाच काढली. पुढे २०१४ मध्ये सीरियात जेम्स फोली आणि स्टीव्हन सॉटलॉफ यांचे खून झाले. दोघेही सुटे बातमीदार. त्यानंतर २०१५ च्या फेब्रुवारीत बऱ्याच वृत्तसंस्थांनी मिळून एक गोष्ट लेखी कबूल केली: सुट्ट्या आणि स्थानिक बातमीदाराची काळजी आपल्या पगारी माणसासारखीच घ्यायची. म्हणजे एवढी साधी गोष्ट कागदावर यायला वीस वर्षं गेली.

मदतकार्याची कथा वेगळी नाही. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला, २२ माणसं मेली, आणि मग आपल्या माणसांच्या सुरक्षेची यंत्रणा त्या संघटनेनं नव्यानं उभी केली. तरी २०२४ या एका वर्षात जगभरात ३८० हून जास्त मदत कर्मचारी मारले गेले. त्यातले बहुतेक सगळे आपापल्या देशात, आपापल्या लोकांत काम करणारे. मारल्या जाणाऱ्या पत्रकारांचंही तेच. परका माणूस मेला की जगभर मथळा होतो. इथला मेला की आतल्या पानावर चार ओळी.

आता कुणी म्हणेल, सांगली-साताऱ्यात कुठे तोफा धडाडतायत? नाही धडाडत. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं, आणि त्या दिवशी ज्याच्याविषयी त्यांची बातमी छापून आली होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. राजापूर काही सीरियात नाही, घाट उतरलं की आहे. मध्य प्रदेशात भिंडला मार्च २०१८ मध्ये संदीप शर्मा यांना ट्रकनं उडवलं. वाळूच्या धंद्याविरुद्ध त्यांनी बातम्या केल्या होत्या, आणि पोलिसांकडे संरक्षणही मागून झालं होतं. छत्तीसगडमधल्या बस्तरचे पत्रकार मुकेश चंद्राकर तर माओवाद्यांच्या ताब्यातला जवान सोडवून आणायला २०२१ मध्ये जंगलात जाऊन सुखरूप परतले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला तो तिथल्याच बीजापूर गावातल्या एका ठेकेदाराच्या आवारात, सेप्टिक टँकमध्ये. बातमी होती रस्त्याच्या कामाची. माणगंगा, येरळा, अग्रणीच्या पात्रातून रात्री निघणाऱ्या डंपरचा फोटो काढणाऱ्या आपल्याकडच्या पोराला यातलं काय लागू होत नाही, ते मला कुणी सांगावं.

पण खून हा आपल्याकडचा नेहमीचा धोका नव्हे. नेहमीचा धोका पाण्याचा आहे. २००५, २०१९, २०२१ अशी त्याची हजेरी आहे, आणि २०१९ ला तर आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

त्या पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला काय झालं, हे इथं पुन्हा सांगायची गरज नसावी, पण प्रशिक्षणाच्या अंगानं त्याकडे कुणी पाहिलेलं मला दिसलं नाही. पलूस तालुक्यातलं हे गाव कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं. पाण्यानं वेढलेलं. लोकांना बाहेर काढणाऱ्या बोटीत माणसं जास्त झाली, अंगावर जॅकेटं नव्हती, बोट उलटली. डझनाहून जास्त जीव गेले, त्यात बायका-लेकरं. मदत करणारे कुणी बेफिकीर नव्हते. उलट जीव तोडून करत होते. काठावर माणसं उभी आहेत, पाणी चढतंय, कडेवर पोर घेतलेली बाई 'मला घ्या' म्हणते आहे, अशा वेळी 'आता बास, बाकीची पुढच्या फेरीला' हे वाक्य उच्चारायला काळीज लागतंच, पण त्याहून जास्त लागतं ते आधी ठरलेलं असणं: या बोटीत इतकी माणसं, जॅकेटाशिवाय कुणी नाही, आणि आकडा मोजून बोट सोडायची की नाही हे एकानंच सांगायचं, मग सरपंच काहीही सांगो की आमदार. मदतकार्याचं प्रशिक्षण म्हणजे निम्म्याहून अधिक हेच. दोर कसा फेकायचा हे एका दुपारी शिकवता येतं. नाही कसं म्हणायचं, हे शिकवायला वेळ लागतो.

बातमीवाल्यांचं पाहा. त्याच पुरात गणपती पेठेच्या तोंडाशी एक तरुण वार्ताहर लाइव्ह देत होता. एका हातात बूम, म्हणजे चॅनलचा माइक, दुसऱ्या हातात छत्री, कानात स्टुडिओ. पाणी गुडघ्याच्या वर. कानातून हुकूम येत असणार, कारण बोलता बोलता तो दर वाक्याला एक पाऊल मागे, म्हणजे आत, सरकत होता. पाणी कमरेपर्यंत दिसलं पाहिजे, तरच पूर दिसतो. फळीवर उकिडवा बसलेला एक म्हातारा हमाल ओरडत होता, 'आरं बाबा, तिकडं चेंबरचं झाकण न्हाई!' कॅमेरामननं त्याला हातानं खूण करून गप्प बसवलं. आवाज मध्ये येत होता ना. तो पोरगा वाचला, चार बोटांच्या अंतरानं. त्या संध्याकाळी त्याची क्लिप हजारो लोकांनी 'ग्राउंड रिपोर्टिंग' म्हणून वाहवा करत पुढे ढकलली.

वास्तविक त्या पेठेत काय घडतंय ते सगळ्यात जास्त त्या हमालाला ठाऊक होतं. अनुभवी मंडळी नेहमी म्हणतात की प्रशिक्षण-बिशिक्षण शहरी थेरं आहेत, अनुभव हाच गुरू. अर्धं मान्य. पण अनुभव ज्याच्याकडे आहे त्याला बोलू द्यायचं नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला पाण्यात उभं करायचं, ही आपली रीत आहे. म्हणून म्हणतो, आपल्याकडच्या शिबिरात शिकवायला लंडनचा माजी कमांडो नको. कृष्णेत होडी घालणारे नावाडी सांगतील की फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार उचलली जाते आणि गुडघ्याखालची ओढ धडधाकट माणसाला पाडते. गमबूट भरला की पाय उचलत नाही. पुढचं पाऊल टाकायच्या आधी काठीनं तळ चाचपायचा. महावितरणच्या डीपीच्या आसपासचं पाणी शांत दिसतं म्हणून त्यात शिरायचं नाही. पूर ओसरताना सापांबरोबर मगरीही नको तिथं निघतात, हे भिलवडी-औदुंबरकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको, पण पुण्याहून ट्रक घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला शिकवायला हवं.

डॉक्टरांची तर आपल्याकडे वाणच नाही. मिरजेत दवाखाने गल्लीगल्लीत आहेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एखाद्या सर्जननं रविवारची सकाळ दिली तर वाहतं रक्त कसं दाबायचं ते तीस जणांना शिकवून होतं. जखमेवर कापड कोंबून सगळा भार देऊन दाबायचं, दर मिनिटाला उघडून पाहायचं नाही. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या दोनेक इंच वर, सांधा सोडून, टुर्निकेट म्हणजे रक्त अडवायचा पट्टा आवळायचं, वेळ लिहून ठेवायची आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत सोडायचं नाही. मांडीची मोठी धमनी फुटली तर हातात काही मिनिटंच असतात. मिस्रातात जे झालं ते पुणे-बंगळुरू हमरस्त्यावर रोज होऊ शकतं, आणि तिथं अपघाताची बातमी करायला आधी पोहोचतो तो वार्ताहरच.

डोंगराचं काम करणारे साताऱ्यात आहेत. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, एकच माणूस जिवंत राहिला, तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वरची ट्रेकर पोरं होती. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अशा जागी पहिली दरड गावाला मारते, दुसरी बघायला आलेल्यांना मारू शकते. वर पाऊस सुरू आहे, कड्याला नवी भेग पडली आहे, झरा अचानक गढूळ झाला आहे, तर मागे फिरायचं. ही वाक्यं त्या पोरांच्या तोंडून ऐकलेला बातमीदार ढिगाऱ्यावर उभा राहून कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणार नाही, एवढी माझी आशा.

दंगलीबद्दल फार लिहीत नाही. २००९ ची मिरज आणि २०२३ ची पुसेसावळी ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की जमाव आणि पोलीस यांच्या मध्ये उभं राहायचं नसतं, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवायची असते, आणि गाडी गल्लीत तोंड आत करून लावायची नसते. बायकांना तर अशा कामावर पाठवतच नाहीत. मग काळजीच्या नावाखाली त्यांचा अनुभवच तयार होत नाही, आणि पुढच्या वेळी 'अनुभव नाही' हेच कारण पुढे केलं जातं.

तर शिकवणारे आहेत, शिकवायचं काय तेही ठरलेलं आहे. अडतं कुठे? पैशात नाही, निदान मोठ्या पैशात नाही. दर ६ जानेवारीला दर्पण दिन येतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार पडतो, शाली-श्रीफळं वाटली जातात, पालकमंत्री पत्रकारांना लोकशाहीचा चौथा खांब म्हणून जातात. त्या एका समारंभाच्या मांडव-जेवणाच्या खर्चात पन्नास लाइफ जॅकेटं येतील. अडतं नात्यात. तालुक्याचा वार्ताहर हा नोकर नसतो. त्याला बातमीमागे थोडेफार मिळतात, कुठे तेही नाही; त्याची खरी कमाई दिवाळी, १५ ऑगस्ट आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींच्या कमिशनवर. उरलेल्या वेळात तो शेती करतो, विमा विकतो, झेरॉक्सचं दुकान चालवतो. मालकाच्या वहीत त्याचं नावच नाही, म्हणून बुडाला तर भरपाई नाही, आणि आत जायला नकार दिला तर उद्या त्याचा बूम दुसऱ्याच्या हातात. तो पाण्यात जातो ते धाडसानं नव्हे.

अशा माणसाला दोन दिवसांचं शिबिर देऊन प्रमाणपत्र हातात ठेवलं तर काय होईल? उद्या काही झालं की ऑफिस म्हणेल, आम्ही शिकवलं होतं, त्यानं ऐकलं नाही. जगभरात या शिबिरांवर हीच टीका होते आणि ती रास्त आहे. म्हणून शिबिराला बसलेल्यात वार्ताहर असतील तर डेस्कवाला आणि मालकाचा माणूसही तिथंच खाली सतरंजीवर बसला पाहिजे. पाण्यात जायचं की नाही हे जागेवरचा माणूस ठरवेल, डेस्क ठरवणार नाही, आणि नकाराबद्दल कुणाचं काम जाणार नाही, हे त्यानं लिहून द्यावं. पावसाळ्याआधी अपघात विम्याचा हप्ता त्यानं भरावा. एवढं करायची तयारी नसेल तर शिबिर घेऊ नये, निदान फसवणूक तरी टळेल.

प्रशिक्षणाला मर्यादा आहेत, त्या झाकायचं कारण नाही. १ एप्रिल २०२४ ला गाझात अन्न पुरवणाऱ्या वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेच्या गाड्यांवर हल्ला होऊन सात जण मेले. त्यांनी आपला मार्ग इस्रायली सैन्याला आधी कळवला होता, गाड्यांवर संस्थेचं चिन्ह होतं. शिकलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं. आपल्याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, 'साधना'चे संपादक, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले. ठरवून येणाऱ्यापुढे शिबिराचं काही चालत नाही. तिथं कायदा लागतो, आणि तो महाराष्ट्रात आहेही: पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१७ चा कायदा. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण त्यातला पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसायच पत्रकारिता आहे आणि जो पगारी वा कंत्राटी नेमलेला आहे असा. झेरॉक्सचं दुकान चालवणारा आमचा वार्ताहर त्यात बसतो का, हा प्रश्न ठाण्यातला हवालदारच त्याला आधी विचारतो. कायद्यातली ही व्याख्या बदलल्याशिवाय वाळूची बातमी करणाऱ्याला दिलेला सल्ला एवढाच उरतो: एकट्यानं रात्री जाऊ नको, कुठे चाललास ते घरी आणि एका सहकाऱ्याला सांगून जा, ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर काय करायचं ते दोघांना ठाऊक असू दे.

पाण्यासाठी मात्र नवं काही उभारायची गरज नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना आहे. देशभरात ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचे, १२ दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी, विमा, असा तिचा आराखडा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी सुदुंबऱ्याला, म्हणजे सांगलीहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. यातल्या दोन-तीन दिवसांच्या धड्यांना वार्ताहर, कॅमेरामन, यूट्यूबवाले आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते एकत्र बसवावेत, मे महिन्यात, कृष्णेच्या घाटावर. एकत्र अशासाठी की पुरात ही मंडळी एकाच बोटीत असतात, आणि बोटीत जागा कमी असेल तेव्हा कॅमेरा खाली उतरतो हे सगळ्यांनी आधीच ऐकलेलं बरं.

एक गाठ मात्र सुटत नाही. शिबिर केलेल्यांची यादी कुणाकडे राहावी? ती जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली की वर्षभरात तिचा प्रवेशाचा पास होईल, आणि मदत पोहोचली नाही अशी बातमी देणाऱ्याचं नाव पुढच्या पुरात त्या यादीत सापडणार नाही. पत्रकार संघाकडे दिली तर संघ किती आणि खरा कोणता, यावरून भांडण. माझ्या मते ती शिकवणाऱ्यांकडे असावी. नावाड्यानं आणि डॉक्टरनं सही केली की झालं, आणि त्या कागदाचा उपयोग जॅकेट मिळण्यापुरताच व्हावा, कुणाला अडवायला नको. यावर पत्रकार संघातली मंडळी माझ्यावर चिडतील. चिडू देत, पण मे महिन्याच्या आत चिडून घ्यावं.